पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरसाठी डिप्लॉयमेंटचे साधन: स्पिनेकर घ्यावा की आर्गो सीडी?

लकडीपूल (प्रश्न)

नमस्कार. आमची कंपनी पुण्यात असून पतसंस्था आणि लहान सहकारी बँकांना ठेवी, कर्जखाती आणि वसुली सांभाळणारे सॉफ्टवेअर पुरवते. सगळा पसारा ॲमेझॉनच्या मुंबई क्षेत्रात आहे. वीसेक सर्व्हिसेस ईकेएस या ॲमेझॉनच्या सेवेवरच्या क्यूबरनेटिस क्लस्टरांत (कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरांच्या गटांत) चालतात आणि अहवाल तयार करणाऱ्या दोन-तीन जुन्या सर्व्हिसेस अजूनही ईसीटूच्या व्हर्च्युअल मशीनवर आहेत. डेव्हलपर पंधराच्या आसपास आहेत आणि डिप्लॉयमेंटची (तयार कोड सर्व्हरवर चढवून चालू करण्याची) जबाबदारी प्रत्यक्षात आम्हा दोघांवरच आहे.

आज बिल्डपासून डिप्लॉयमेंटपर्यंत सर्व काही जेनकिन्स हा बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर करतो. डॉकर इमेज (चालवण्यास तयार असा कोडचा गठ्ठा) तयार होऊन ईसीआर या ॲमेझॉनच्या इमेज-साठ्यात जाते आणि पाइपलाइनच्या शेवटच्या टप्प्यातली शेल स्क्रिप्ट क्यूबसीटीएल या क्लस्टरला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या साहाय्याने क्लस्टरमधली इमेज बदलते. सर्व्हिसेस मोजक्या होत्या तोवर यात काही खटकत नव्हते. आता मात्र तीन गोष्टींचा त्रास होतो. पहिली म्हणजे स्टेजिंग (चाचणीचे वातावरण) आणि प्रॉडक्शन (ग्राहकांचे वातावरण) यांसाठी इमेज वेगवेगळी बिल्ड होते, त्यामुळे तपासली ती एक आणि ग्राहकांपुढे गेली ती दुसरी, असे होते. दुसरी म्हणजे प्रॉडक्शनचे पूर्ण अधिकार असलेली क्यूबकॉन्फिग ही क्लस्टरमध्ये प्रवेश देणारी फाइल जेनकिन्समध्ये ठेवलेली आहे आणि जेनकिन्सवर जॉब लिहू शकणाऱ्या कोणालाही ती वापरता येते. तिसरी म्हणजे अडचणीच्या वेळी कोणी थेट क्लस्टरमध्ये मेमरीची मर्यादा किंवा एखादे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलले, तर त्याची नोंद गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या कोडच्या साठ्यात) येत नाही. दुसरा क्लस्टर उभा करण्याची वेळ आली की असे बदल एकेक करून उघडकीस येतात.

अलीकडच्या तपासणीत ऑडिटरांनी साधाच प्रश्न विचारला होता: व्याजआकारणीच्या सर्व्हिसमध्ये अमुक तारखेला गेलेला बदल कोणी मंजूर केला आणि त्याआधी कोणती आवृत्ती चालू होती? जेनकिन्स जुन्या बिल्डच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसतो, त्यामुळे चॅटमधले जुने मेसेज चाळून उत्तर द्यावे लागले.

व्यवस्थापनाने स्पिनेकर या डिप्लॉयमेंटच्या साधनाचे प्रात्यक्षिक पाहिले आहे आणि त्यातला पाइपलाइनचा आराखडा, मंजुरीचा टप्पा आणि बटण दाबून मागे जाण्याची सोय त्यांना पसंत पडली आहे. आम्हा दोघांचा कल आर्गो सीडी या तशाच दुसऱ्या साधनाकडे आहे, पण तो अनुभवापेक्षा वाचनावर आधारलेला आहे. आमच्या आकाराच्या टीमने यांपैकी काय स्वीकारावे, डेटाबेसमधले बदल आणि रोलबॅक (आधीच्या आवृत्तीकडे परतणे) यांची सांगड कशी घालावी आणि रोजची रिलीज न थांबवता हे स्थित्यंतर कोणत्या क्रमाने करावे, याविषयी ज्यांनी हे काम केले आहे त्यांचे मत हवे आहे.

घाटमाथा

स्पिनेकर कोणत्या गरजेतून आला हे पाहिले की तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. नेटफ्लिक्सकडे आधी ॲसगार्ड नावाचे साधन होते आणि ते ॲमेझॉनपुरतेच होते. त्याच्या जागी त्यांनी स्पिनेकर बांधला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. त्यांचे डिप्लॉयमेंट म्हणजे व्हर्च्युअल मशीनची नवी इमेज घडवायची, तिच्यावरून सर्व्हरांचा नवा गट उभा करायचा, लोड बॅलन्सर तिकडे वळवायचा आणि जुना गट लगेच न मोडता काही काळ राखून ठेवायचा. हे काम स्पिनेकर आजही उत्तम करतो. शेकडो टीम, अनेक खाती, अनेक क्षेत्रे आणि एकाहून अधिक क्लाउड असा पसारा असेल, तर तो सगळा एका पडद्यावर आणणारे दुसरे साधन सहज सापडणार नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते. स्पिनेकर हा एक प्रोग्राम नसून सर्व्हिसेसचा समूह आहे. डेक हा दर्शनी भाग, गेट हे प्रवेशद्वार, ऑर्का पाइपलाइनचे टप्पे पुढे ढकलतो, क्लाउडड्रायव्हर क्लाउडशी बोलतो, फ्रंटफिफ्टी व्याख्या साठवतो, रॉस्को इमेज घडवतो, इगोर जेनकिन्सकडे लक्ष ठेवतो, एको घडामोडी कळवतो आणि फियाट अधिकार तपासतो. यांतल्या बहुतेक सर्व्हिसेस जावावर चालणाऱ्या असल्याने मेमरी भरपूर लागते, सोबत रेडिस आणि एसक्यूएल डेटाबेसही सांभाळावा लागतो. रात्री पाइपलाइन अडकली, तर दोष ऑर्काच्या रांगेत आहे की क्लाउडड्रायव्हरच्या कॅशमध्ये, हे शोधणारा माणूस टीममध्ये हवा. जी जबाबदारी दोघांच्या खांद्यावर आहे, तिच्यात आणखी दहा सर्व्हिसेसची भर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आर्गो सीडीची रचना याच्या उलट आहे. तो क्लस्टरच्या आत बसतो, गिटमधली मॅनिफेस्ट (काय चालू असावे याचे लेखी वर्णन) वाचतो, क्लस्टरमध्ये प्रत्यक्ष काय चालू आहे त्याच्याशी त्यांची तुलना करतो आणि फरक दिसला की तो ॲप्लिकेशन ‘आउट ऑफ सिंक’ असल्याचे दाखवतो. गिटकडे तो साधारण दर तीन मिनिटांनी पाहतो आणि वेबहुक (बदल होताच येणारा संदेश) जोडला तर लगेच. तुमच्या दुसऱ्या अडचणीवर याचा थेट उपाय होतो, कारण बाहेरून क्लस्टरमध्ये शिरण्याची गरजच संपते. जेनकिन्सने इमेज तयार करावी, ईसीआरमध्ये ठेवावी आणि कॉन्फिगरेशनच्या स्वतंत्र रिपॉझिटरीत नव्या टॅगचा (इमेजच्या आवृत्तीच्या नावाचा) कमिट म्हणजे नोंदवलेला बदल टाकून बाजूला व्हावे. ही रिपॉझिटरी स्वतंत्रच ठेवा. मॅनिफेस्ट आणि सोर्स कोड एकाच ठिकाणी असले, तर जेनकिन्सने टाकलेला टॅगचा कमिट पुन्हा बिल्ड सुरू करतो आणि हे चक्र थांबवण्यासाठी वेगळ्या युक्त्या कराव्या लागतात.

तुमची पहिली अडचण मात्र कोणतेही साधन सोडवणार नाही, ती आधी तुम्हालाच सोडवावी लागेल. इमेज एकदाच बिल्ड व्हावी, टॅगमध्ये कमिटचा हॅश (त्या बदलाची एकमेव ओळखखूण) असावा आणि स्टेजिंगला तपासलेली तीच इमेज प्रॉडक्शनला जावी. ईसीआरमध्ये टॅग अपरिवर्तनीय करण्याची सोय आहे, ती चालू करा. ‘लेटेस्ट’ टॅग कुठे वापरत असाल तर तो आजच काढा, कारण टॅगचे नाव तेच राहिले तर आर्गोच्या दृष्टीने मॅनिफेस्टमध्ये काही बदललेलेच नसते आणि इमेज नवी असूनही काहीच घडत नाही.

प्रत्यक्ष वापरात नव्या टीम कुठे अडखळतात, तेही सांगतो. ऑटो सिंक (गिटप्रमाणे क्लस्टर आपोआप बदलणे) चालू केला तरी गिटमधून काढून टाकलेली संसाधने क्लस्टरमधून काढण्याची ‘प्रून’ ही सोय आणि हाताने केलेले बदल परतवण्याची ‘सेल्फ हील’ ही सोय, या दोन्ही मुळात बंद असतात. त्या बंद असणेच सुरुवातीला बरे. ज्या सर्व्हिसच्या पॉडची (चालू प्रतींची) संख्या हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर ठरवतो, तिच्या मॅनिफेस्टमधून ‘रेप्लिकाज’ हा आकडा काढून टाका, अन्यथा ऑटोस्केलरने पॉड वाढवायचे आणि आर्गोने ते कमी करायचे अशी ओढाताण मार्चअखेरच्या गर्दीतच सुरू होईल. आणि तुम्ही हेल्म (मॅनिफेस्ट ‘चार्ट’ नावाच्या गठ्ठ्यात बांधणारे साधन) वापरत असाल तर हे लक्षात ठेवा की आर्गो हेल्मकडून फक्त मॅनिफेस्ट तयार करून घेतो, हेल्मची रिलीज नोंदवत नाही. त्यामुळे ‘हेल्म लिस्ट’ रिकामी दिसते आणि ‘हेल्म रोलबॅक’ चालत नाही. सवयीने ती आज्ञा देणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

रात्रपाळी

घाटमाथा यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण स्पिनेकरमध्ये व्यवस्थापनाला जे आवडले ते दिखाऊ आहे असे समजून सोडून देऊ नये. त्यांना पाइपलाइन आवडली, कारण एक बदल स्टेजिंगवरून प्रॉडक्शनपर्यंत कोणत्या अटींवर जातो हे ती दाखवते. आर्गो सीडी हे दाखवत नाही. त्याला एका वेळी एका ॲप्लिकेशनची गिटमधली आणि क्लस्टरमधली स्थिती जुळवायची एवढेच ठाऊक असते. स्टेजिंगचा टॅग प्रॉडक्शनच्या फोल्डरमध्ये केव्हा जावा, कोणाच्या मंजुरीने जावा आणि आधी कोणत्या चाचण्या उत्तीर्ण व्हाव्यात, हा सगळा व्यवहार तुम्हाला पुल रिक्वेस्ट (गिटमधला बदल मंजुरीसाठी मांडणे) आणि जेनकिन्स यांच्यात उभा करावा लागतो. तो लहान टीमला झेपण्यासारखा आहे, पण तो आयता मिळत नाही. ठरावीक काळात रिलीज बंद ठेवायची असेल तर आर्गोमध्ये सिंक विंडो आहेत. ३१ मार्चच्या आगेमागे व्याजआकारणीच्या सर्व्हिसेस गोठवण्यासाठी त्या तुम्हाला नक्की उपयोगी पडतील.

प्रात्यक्षिकात कॅनरी (नवी आवृत्ती आधी थोड्याच विनंत्यांवर चालवून पाहणे) दाखवला असेलच. कायेंटा हे कॅनरीचे विश्लेषण करणारे साधन गूगल आणि नेटफ्लिक्स यांनी २०१८ मध्ये खुले केले. ते जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या मोजमापांची मान-व्हिटनी चाचणीने तुलना करते. आर्गोच्या कुटुंबात हेच काम आर्गो रोलआउट्स त्याच्या पद्धतीने करते. पण जिथे दुपारी दोन वाजता मिनिटाला मोजक्याच विनंत्या येतात, तिथे त्यांतला दशांश हिस्सा कॅनरीकडे वळवून कोणते संख्याशास्त्र सिद्ध होणार? पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरला कॅनरीपेक्षा वेगळी सोय जास्त लागू पडते. नवी आवृत्ती आधी आपल्याच चाचणीसंस्थेच्या टेनंटवर (स्वतंत्र ग्राहक-खात्यावर) चालवावी, मग लहान ग्राहकांवर आणि शेवटी मोठ्यांवर. एका साच्यातून अनेक ॲप्लिकेशन्स तयार करणाऱ्या आर्गोच्या ॲप्लिकेशनसेटने हे जमते.

आता रोलबॅकविषयी, कारण ‘बटण दाबले की मागे’ हे शब्द ऐकून मला नेहमीच धास्ती वाटते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीत जे झाले, त्याचा तपशील तिथल्या रोखे नियामकाच्या आदेशात आहे आणि तो डिप्लॉयमेंट करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, तो सातांवर गेला. आठव्यावर कित्येक वर्षे न वापरलेला जुना कोड तसाच होता आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, त्याच फ्लॅगने तो जुना कोड जागा झाला. कॉपी झाली की नाही हे दुसऱ्या कोणी तपासावे, अशी लेखी पद्धत नव्हती. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवून इशारा दिला होता, पण ते ईमेल तातडीचे समजले जात नव्हते. खरा कळीचा भाग पुढे आहे. गडबड लक्षात आल्यावर त्यांनी ज्या सात सर्व्हरवर नवा कोड नीट बसला होता, तिथूनच तो काढला. येणाऱ्या विनंत्यांमधला फ्लॅग तसाच होता, त्यामुळे आता त्या सातांवरचाही जुना कोड जागा झाला आणि आगीतून फुफाट्यात अशी गत झाली. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

आठव्या सर्व्हरची चूक आर्गोने किंवा स्पिनेकरने पकडली असती. सात सर्व्हरवर मागे जाण्याचा निर्णय मात्र या दोघांनीही बिनबोभाट अमलात आणला असता. म्हणून कोणतेही साधन घ्या, पण प्रत्येक रिलीजच्या पुल रिक्वेस्टमध्ये ‘मागे गेलो तर काय होईल’ ही ओळ सक्तीची करा. आणि व्यवस्थापनाला हेही आधी सांगा की ऑटो सिंक चालू असलेल्या ॲप्लिकेशनवर आर्गोचे रोलबॅकचे बटण चालतच नाही. तिथे मागे जाणे म्हणजे गिटमध्ये रिव्हर्टचा कमिट टाकणे.

तळटीप

मी डेटाबेसच्या बाजूने लिहितो, कारण वरच्या दोन्ही उत्तरांत मागे जाण्याचा विचार कोडपुरताच झाला आहे. गिट रिव्हर्टने मॅनिफेस्ट मागे जाते, टेबलातला काढून टाकलेला कॉलम परत येत नाही.

मुळात रोलबॅकचा प्रसंग आला नाही तरी दोन आवृत्त्या एकाच वेळी चालतातच. क्यूबरनेटिसच्या रोलिंग अपडेटमध्ये किती पॉड जादा उभे करायचे आणि किती कमी चालवून घ्यायचे, हे दोन्ही आकडे न बदलल्यास २५ टक्के असतात. जादा पॉडचा आकडा वर पूर्णांकित होतो आणि कमी पॉडचा खाली, म्हणून तीन पॉडच्या सर्व्हिसमध्ये एक नवा पॉड उभा राहून तयार झाल्याशिवाय एकही जुना जात नाही. या साऱ्या काळात जुना कोड आणि नवा कोड एकाच टेबलावर लिहीत असतात. त्यामुळे कर्जखात्याच्या टेबलातल्या कॉलमचे नाव बदलायचे असेल, तर ते एका रिलीजमध्ये करताच येत नाही. आधीच्या रिलीजमध्ये नवा कॉलम वाढवायचा आणि कोडने दोन्हीकडे लिहायचे, मग जुनी माहिती टप्प्याटप्प्याने नव्या कॉलममध्ये भरायची, त्यानंतरच्या रिलीजपासून फक्त नव्या कॉलममधून वाचायचे आणि जुन्या कॉलमला कोणीही हात लावत नाही याची खात्री पटल्यावर, काही रिलीज उलटून गेल्यावर, तो काढायचा. ही शिस्त पाळली तर शेवटचा टप्पा सोडून कुठूनही एक पाऊल मागे जाता येते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर आणखी थोडे. आवृत्ती ११ पासून स्थिर डिफॉल्ट असलेला कॉलम वाढवताना संपूर्ण टेबल नव्याने लिहिले जात नाही, त्यामुळे ते काम क्षणात होते. पण त्यासाठी लागणारे लॉक मिळेपर्यंत ती आज्ञा रांगेत उभी राहते आणि तिच्यामागे बाकीच्या सगळ्या क्वेरी खोळंबतात, म्हणून मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलाच्या) सुरुवातीला ‘लॉक टाइमआउट’ काही सेकंदांचा ठेवावा. मोठ्या टेबलावर इंडेक्स ‘कन्करंटली’ घालावा. तो ट्रान्झॅक्शनच्या आत घालता येत नाही आणि मधेच फसला तर अवैध इंडेक्स मागे ठेवतो, तो आठवणीने काढून टाकावा लागतो.

आर्गोमध्ये मायग्रेशन चालवण्याची रूढ जागा म्हणजे प्रीसिंक हुक. तो एक जॉब असतो आणि तो यशस्वी झाल्याशिवाय पुढची मॅनिफेस्ट लागू होत नाहीत. इथे हेल्ममधून येणाऱ्यांची एक समजूत बदलावी लागते. हेल्मला पहिली स्थापना आणि नंतरचे अपग्रेड यांतला फरक कळतो. आर्गोला प्रत्येक वेळ ही नुसती सिंक असते, म्हणून हेल्म चार्टमधले प्रीइन्स्टॉल हुकसुद्धा दर सिंकला चालतात. ‘पहिल्यांदाच चालेल’ असे गृहीत धरून कोणी त्या हुकमध्ये प्रारंभीची माहिती भरणारी स्क्रिप्ट ठेवली असेल, तर साध्या मेमरीच्या बदलानंतरही ती पुन्हा चालेल. तुमचे सर्व चार्ट या एका नजरेने तपासून घ्या. फ्लायवे किंवा लिक्विबेस यांसारखे साधन झालेल्या मायग्रेशनची नोंद स्वतःच ठेवते, त्यामुळे तिथे ही भीती कमी असते.

लकडीपूल

तिघांचेही मनापासून आभार. हेल्मच्या हुकविषयीची सूचना वाचून आमचे चार्ट पाहिले आणि ठेवीच्या सर्व्हिसमध्ये शाखांची प्रारंभीची यादी भरणारा तसाच एक हुक निघाला, तो आता वेगळा काढत आहोत. आर्गो सीडीकडे जायचे हे बहुतांशी ठरले आहे. तीन गोष्टी अजून उरतात. ऑडिटरांना दाखवण्यासाठी गिटचा इतिहास पुरेल का? पासवर्ड आणि चाव्या गिटमध्ये ठेवता येत नाहीत, मग त्या कुठे ठेवाव्यात? आणि ईसीटूवरच्या जुन्या सर्व्हिसेसचे काय करावे?

पडताळा

मी काही वर्षे वित्तीय कंपन्यांच्या अंतर्गत तपासणीच्या बाजूने काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा विस्ताराने लिहितो.

गिटचा इतिहास ‘काय बदलायचे ठरले’ हे सांगतो. ‘ते क्लस्टरमध्ये केव्हा लागू झाले आणि यशस्वी झाले का’ हे तो सांगत नाही, आणि तपासणीत दुसरा प्रश्न नेमका तोच येतो. आर्गो प्रत्येक ॲप्लिकेशनचा सिंकचा इतिहास ठेवतो, पण वेगळे काही न सांगितल्यास तो शेवटच्या दहांपुरताच असतो. क्यूबरनेटिसचे इव्हेंट तर मूळ मांडणीत तासाभरातच नाहीसे होतात. दुसरीकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. म्हणून आर्गोचे लॉग, ईकेएसचे ऑडिट लॉग आणि जेनकिन्सची बिल्डची नोंद हे तिन्ही मुंबई क्षेत्रातच ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये किंवा एसथ्रीमध्ये वळवा. ईकेएसमध्ये कंट्रोल प्लेनचे लॉग आपणहून चालू नसतात, ते चालू करावे लागतात. आर्गोच्या नोटिफिकेशनमधून प्रत्येक यशस्वी आणि फसलेल्या सिंकची नोंद कमिटच्या हॅशसह एका ठिकाणी पाठवली, तर ऑडिटरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येईल.

मंजुरीचा पुरावा म्हणून पुल रिक्वेस्ट तेव्हाच ग्राह्य धरता येते, जेव्हा ज्याने बदल लिहिला त्यालाच तो मर्ज करता येत नाही. कॉन्फिगरेशनच्या रिपॉझिटरीत मुख्य ब्रँचला संरक्षण द्या, फोर्स पुश बंद करा आणि प्रॉडक्शनच्या फोल्डरसाठी मंजुरी देणारे ठरवून द्या. जेनकिन्सच्या खात्याला स्टेजिंगच्या फोल्डरमध्ये थेट लिहू द्या, प्रॉडक्शनच्या फोल्डरसाठी त्याने फक्त पुल रिक्वेस्ट उघडावी. आणि आर्गोचे मुळातले ॲडमिन खाते बंद करून सगळ्यांना कंपनीच्या सिंगल साइन-ऑनने आत आणा. सामायिक ॲडमिन खाते चालू ठेवले, तर कोणी काय केले हे लॉगमधून सांगता येणार नाही.

चाव्या ॲमेझॉनच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा आणि एक्स्टर्नल सीक्रेट्स ऑपरेटरने त्या क्लस्टरमध्ये आणा, म्हणजे गिटमध्ये फक्त चावीचे नाव राहते. सील्ड सीक्रेट्स हाही चांगला मार्ग आहे, पण त्यात कंट्रोलरच्या खासगी कळीचा बॅकअप आठवणीने घ्यावा लागतो, कारण क्लस्टर गेला आणि कळ गेली तर गिटमधले सगळे कूटबद्ध मजकूर निरुपयोगी होतात.

ईसीटूवरच्या सर्व्हिसेससाठी वेगळे काही करू नका. त्या आज जशा जेनकिन्समधून जातात तशाच जाऊ द्या, फक्त त्यांचेही आर्टिफॅक्ट एकदाच बिल्ड होऊ द्या. दोन-तीन उतरत्या वयाच्या सर्व्हिसेससाठी स्पिनेकर आणणे कोणालाही पटवून देता येणार नाही.

घाटमाथा

क्रमाविषयी मूळ प्रश्नात विचारले होते, ते राहिले. एसएमएस पाठवणारी किंवा तशीच एखादी कमी जोखमीची सर्व्हिस आधी स्टेजिंगवर घ्या. आर्गोला तिच्यावर ऑटो सिंकशिवाय नुसते पाहू द्या आणि तो जे फरक दाखवेल ते एकेक वाचा. हाताने झालेले सगळे बदल इथे सापडतात आणि ते गिटमध्ये आणायचे की टाकून द्यायचे, हे त्या त्या सर्व्हिसच्या टीमबरोबर बसून ठरवावे लागते. या कामाला वाटतो त्यापेक्षा बराच वेळ लागतो आणि त्यात घाई करण्यात अर्थ नाही. फरक शून्य झाला की हाताने सिंक करा, मग ऑटो सिंक आणि सगळ्यात शेवटी प्रून व सेल्फ हील. व्याजआकारणी आणि वसुली यांची पाळी अखेरीस येऊ द्या. सर्व सर्व्हिसेस आल्यावर जेनकिन्समधली क्यूबकॉन्फिग काढा आणि ती जिच्या अधिकारावर चालत होती ती परवानगीही क्लस्टरमधून रद्द करा. नुसती फाइल पुसून भागत नाही, कारण तिच्या प्रती कुठे आहेत ते सांगता येत नाही.

साधनाच्या आयुष्याविषयी व्यवस्थापन विचारीलच. आर्गो डिसेंबर २०२२ मध्ये सीएनसीएफ या क्लाउड साधनांच्या संस्थेचा पदवीप्राप्त (परिपक्व ठरलेला) प्रकल्प झाला आणि त्याच्या आदल्याच महिन्यात त्याच धर्तीचे दुसरे साधन, फ्लक्स, झाले होते. फ्लक्समागची वीव्हवर्क्स ही कंपनी २०२४ च्या सुरुवातीला बंद पडली, तरी फ्लक्स चालू राहिला. स्पिनेकरही २०१९ पासून कंटिन्युअस डिलिव्हरी फाउंडेशनकडे आहे. त्या दृष्टीने तिन्ही सुरक्षित आहेत, त्यामुळे निवड या मुद्द्यावर अडायला नको.

रात्रपाळी

एक पुरवणी, आणीबाणीच्या वेळेसाठी. गिटची सेवाच बंद असेल तर चालू असलेल्या सर्व्हिसेसना काही होत नाही, फक्त नवे बदल जात नाहीत. पण त्याच वेळी प्रॉडक्शनमध्ये तातडीची दुरुस्ती करावी लागली, तर त्या ॲप्लिकेशनचा ऑटो सिंक थांबवून क्यूबसीटीएलने बदल करायचा, गिट परतल्यावर तोच बदल तिथे आणायचा आणि मग ऑटो सिंक पुन्हा चालू करायचा, ही पद्धत लिहून ठेवा आणि स्टेजिंगवर करून पाहा. त्यात एक खाच आहे. तुमची ॲप्लिकेशन्स ‘ॲप ऑफ ॲप्स’ पद्धतीने एका पालक ॲप्लिकेशनमधून तयार होत असतील आणि पालकावर सेल्फ हील चालू असेल, तर तुम्ही मुलाचा बंद केलेला ऑटो सिंक पालक गिटप्रमाणे पुन्हा चालू करू शकतो आणि तुमची दुरुस्ती डोळ्यांदेखत परतवली जाते. म्हणून आधी पालकाचा ऑटो सिंक थांबवायचा, मग मुलाचा. आणि ॲप्लिकेशनसेट वापरणार असाल तर त्याचा कंट्रोलरही आपल्या साच्याप्रमाणे तेच करतो, त्यामुळे कोणते फील्ड हाताने बदलले तरी त्याने दुर्लक्ष करावे, हे साच्यातच आधी लिहून ठेवावे लागते.